लाखो गुलाम, मूठभर मालक: मग उठाव का झाले नाहीत?

प्रश्न असा आला आहे: वेस्ट इंडीजच्या बेटांवर गुलाम मालकांच्या दहापट होते, अमेरिकेच्या दक्षिणेतही लाखांनी होते. मग त्यांनी उठाव का केला नाही? ते त्या जिण्याला सरावले होते का? आणि शेवटी गोऱ्यांनीच कायदा करून त्यांना सोडवले ना?

अटलांटिकपलीकडच्या गुलामगिरीचा इतिहास मी बरीच वर्षे शिकवतो आहे आणि हा प्रश्न जवळपास दरवर्षी, कुठल्या ना कुठल्या वर्गात येतोच. विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. पण प्रश्नातच एक गृहीत बसलेले आहे, ते आधी बाजूला करायला हवे. उठाव झाले. किनाऱ्यावर झाले, जहाजांवर झाले, मळ्यांवर झाले. तीनशे-साडेतीनशे वर्षांत असा क्वचितच एखादा काळ असेल, की कुठल्या ना कुठल्या वसाहतीत पळून गेलेल्यांचा पाठलाग किंवा बंडाचा खटला चालू नव्हता.

सुरुवात जहाजापासून करू. १५०१ ते १८६६ या काळात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत भरली गेली आणि त्यांतली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. या सफरींच्या नोंदी एकत्र करणाऱ्या अभ्यासकांचा अंदाज आहे, की साधारण दहांतल्या एका सफरीत बंड झाले. जहाजांची बांधणी पाहिली तरी हे कळते. डेकवर मधोमध उंच लाकडी भिंत उभारलेली असे आणि तिच्या भोकांतून बंदुका रोखलेल्या असत. लोकांनी समुद्रात उड्या टाकू नयेत म्हणून कडेने जाळ्या लावत. अन्न नाकारणाऱ्याचा जबडा उघडायला लोखंडी यंत्र असे. माल वाहणाऱ्या साध्या जहाजापेक्षा या जहाजांवर खलाशी जास्त लागत, बंदुका जास्त लागत आणि हा खर्च व्यापारी हिशेबात धरूनच निघत. पुरुषांना बेड्या घालून खाली कोंडत, बायकांना पुष्कळदा मोकळे ठेवत. त्यामुळे हत्यारांची जागा हेरणे आणि निरोप पोचवणे हे काम अनेकदा बायकांनी केले. जी माणसे मुकाट बसणार अशी खात्री असते, त्यांच्यासाठी कोणी भिंत बांधत नाही.

मळ्यावर पोचल्यानंतरचा प्रतिकार शोधायला मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचायला लावतो. मालकाने पळालेल्या माणसाला पकडण्यासाठी दिलेली ती जाहिरात असते. त्यात वय, उंची, पाठीवरचे वळ, खांद्यावरचा डाग, कोणती भाषा येते, कोणते काम येते, हे सगळे असते. आणि पुष्कळदा शेवटी एक वाक्य असते, की अमुक मळ्यावर याची बायको आहे, तिकडेच गेला असावा. पळणारा प्रत्येक जण कायमचा पळत नव्हता. कोणी आठवडाभर रानात राहून परत येई, कोणी आईला भेटून येई, कोणी मुकादमाच्या जाचातून चार दिवस सुटका करून घेई. फटके पडणार हे माहीत असून तो जाई. याशिवाय काम संथ करणे, औजार मोडणे, घाण्यात काहीतरी अडकवणे, आजारपणाचे सोंग घेणे, गोठ्याला आग लावणे, कधी विष घालणे. मालकांच्या पत्रांत याला आळस आणि मूर्खपणा म्हटले आहे. जमैकात थॉमस थिसलवुड नावाच्या इंग्रज मुकादमाने १७५० पासून १७८६ पर्यंत रोजनिशी लिहिली. तो अतिशय क्रूर माणूस होता आणि आपली क्रौर्येही त्याने जमाखर्च लिहावा तशी लिहून ठेवली आहेत. तीच रोजनिशी वाचताना दिसते, की तीच माणसे पुन्हा पुन्हा पळतात, पकडली जातात, मार खातात आणि पुन्हा पळतात. याला सरावणे म्हणत नाहीत.

आता उघड बंडाकडे येऊ. ते रोज का होत नव्हते, याची कारणे व्यवहारी आहेत. बंडखोराला काय होई हे सर्वांना दिसेल अशा ठिकाणी केले जाई: जिवंत जाळणे, साखळीत टांगून उपाशी मारणे, डोके खांबावर लावणे. बेटावरून पळायला समुद्राखेरीज वाट नव्हती. गोऱ्यांकडे हत्यारबंद नागरिकांची मिलिशिया होती, बंदरात आरमार होते, आणि एका बेटावर आग लागली की शेजारच्या बेटावरून फौज येई. मुले-बायका त्याच मळ्यावर ओलीस असल्यासारखी. बंडाची बातमी आधी फोडणाऱ्याला सुटकेचे बक्षीस मिळे. अमेरिकेच्या दक्षिणेत तर गणितच वेगळे होते. १८६० मध्ये तिथे जवळपास ४० लाख गुलाम होते, पण एकंदरीत गोरे त्यांच्याहून जास्त होते, घोडेस्वार गस्ती रात्रभर फिरत आणि मळे दूरदूर विखुरलेले. म्हणून तिथे १७३९ चे स्टोनो, १८११ चे लुइझियाना, १८३१ चे नॅट टर्नर असे उठाव झाले, पण काही दिवसांत मोडले गेले. ज्यांनी वाट पाहिली, त्यांनी हिशेब करून वाट पाहिली. मालकांत फूट पडली, युरोपात युद्ध पेटले, फौज दुसरीकडे गेली किंवा राजाने सुटका दिल्याची बातमी कानावर आली, की उठाव होत. काळ-वेळ पाहिल्याखेरीज कोणीच बंड करत नाही, मग गुलामाकडूनच तशी अपेक्षा का ठेवायची?

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बंडाचे पुढारी बहुधा सर्वांत जास्त पिचलेले लोक नसत. मळ्यावरचा काळा मुकादम, गाडीवान, सुतार, पिंप बांधणारा, धर्मोपदेशक अशी ही माणसे. त्यांना मळ्याबाहेर जायची मुभा असे, चार ठिकाणची माणसे ओळखत, बातमी आधी कळे. आणि जमैकासारख्या ठिकाणी गुलामांना पोटापुरते पिकवायला डोंगराकडेचे जमिनीचे तुकडे दिलेले असत. त्यातले उरलेले ते रविवारच्या बाजारात विकत. मालकाचा धान्याचा खर्च वाचे म्हणून ही सोय होती, पण त्या बाजारांनी सारे बेट एकमेकांशी जोडले गेले.

जमैकाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण प्रतिकाराचे सगळे प्रकार तिथे दिसतात आणि त्यातल्या अडचणीही. १६५५ मध्ये इंग्रजांनी हे बेट स्पेनकडून घेतले तेव्हा स्पॅनिशांचे बरेच गुलाम डोंगरांत निघून गेले. नंतर इंग्रजी मळ्यांवरून पळालेले त्यांना मिळत गेले. यांना मरून्स म्हणतात. पूर्वेकडच्या ब्लू माउंटन्समध्ये आणि पश्चिमेच्या चुनखडीच्या दऱ्याखोऱ्यांत त्यांची गावे होती, शेती होती, पहारे होते, आणि अबेंग नावाचे गाईचे शिंग फुंकून ते मैलोगणती निरोप पोचवत. पूर्वेकडच्यांत नॅनी ही बाई पुढारी होती. आज ती जमैकाची राष्ट्रीय वीरांगना आहे आणि तिचे चित्र तिथल्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे. पश्चिमेत कुजो होता. १७३० च्या दशकात इंग्रजांनी त्यांच्यावर एकामागून एक तुकड्या पाठवल्या. झाडापाल्याआडून गोळी येई आणि शत्रू दिसतच नसे. मराठी वाचकाला गनिमी कावा समजावून सांगायची गरज नाही. तीच रीत, डोंगर मात्र दुसरे.

अखेर १७३९ मध्ये इंग्रजांना तह करावा लागला. कुजोच्या लोकांचे स्वातंत्र्य मान्य झाले, १५०० एकर जमीन मिळाली. पण तहाची दुसरी बाजू जड आहे. यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना परत करायचे आणि मळ्यांवर बंड झाले तर ते मोडायला मदत करायची, अशी अटच होती. मरून्सनी ती पाळली. त्यांना दगाबाज ठरवणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. ऐंशी-पंचाऐंशी वर्षे लढून दमलेल्या एका समाजाने स्वतःपुरती सुटका मिळवली आणि इंग्रजांनी तिची किंमत इतर गुलामांच्या गळ्यात बांधली. पुढे १७९५-९६ मध्ये त्यांच्यातल्याच ट्रेलॉनी टाउनच्या लोकांशी इंग्रजांचे पुन्हा युद्ध झाले. इंग्रजांनी क्यूबातून शिकारी कुत्री आणली. मरून्सनी शस्त्रे ठेवली, तर त्यांना थेट कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात हद्दपार केले आणि तिथून ते १८०० मध्ये सिएरा लिओनला गेले.

तहानंतर एकवीस वर्षांनी, ७ एप्रिल १७६० ला, ईस्टरच्या सोमवारी सेंट मेरी परगण्यात टॅकीच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. बंडखोरांनी पोर्ट मारियाच्या किल्ल्यातून बंदुका आणि दारूगोळा घेतला आणि मळ्यामागून मळे घेत ते आत सरकले. यातले पुष्कळ जण गोल्ड कोस्टकडचे, म्हणजे आजच्या घानाकडचे, आणि लढाया पाहिलेले होते. टॅकीला एका मरून नेमबाजानेच टिपले. पण बंड तिथे संपले नाही, पश्चिमेला वेस्टमोरलँडमध्ये ते आणखी मोठे पेटले. तिथला पुढारी अपोंगो. थिसलवुडने त्याच्याबद्दल नोंदवले आहे, की हा आफ्रिकेत सरदार होता आणि केप कोस्टच्या इंग्रज किल्ल्याच्या प्रमुखाला भेटायला जात असे. पुढे तो स्वतःच पकडला जाऊन जमैकात विकला गेला. तो जुना किल्लेदारही तोवर जमैकात मळेवाला झाला होता आणि अपोंगो भेटीला गेला की त्याच्यासाठी टेबलावर कापड अंथरून पान वाढत असे. ही नोंद मी कितीदा वाचली असेल, पण अजून अस्वस्थ करते. आपण कोण होतो हे अपोंगो विसरला नव्हता आणि त्याला विकणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. बंड मोडल्यावर त्याला साखळ्यांत टांगले. नंतर जाळायचे ठरले होते, त्याआधीच तो मेला. या उठावात सुमारे ६० गोरे मारले गेले. गुलामांपैकी चारशेहून अधिक जण मेले आणि सुमारे ५०० बेटाबाहेर विकले गेले.

सां-दोमँग ही फ्रेंच वसाहत म्हणजे आजचे हैती. तिथे काय झाले हे बऱ्याच जणांना ढोबळ माहीत असते, म्हणून थोडक्यात. १७९१ मध्ये तिथे साडेचार ते पाच लाख गुलाम होते, गोरे तीस-चाळीस हजार. गुलामांपैकी बहुसंख्य आफ्रिकेत जन्मलेले, म्हणजे स्वातंत्र्यात वाढलेले. फ्रान्समध्ये क्रांती सुरू होती आणि मालकवर्ग आपसांत भांडत होता. २२ ऑगस्टच्या रात्री उत्तरेच्या मैदानातले उसाचे मळे पेटले. पहिल्या पुढाऱ्यांतला बुकमन काही महिन्यांतच मारला गेला, पण उठाव मोडता आला नाही. १७९३ मध्ये फ्रेंच आयुक्तांनी तिथली गुलामगिरी रद्द केली आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसच्या सभेने ती साऱ्या वसाहतींसाठी रद्द केली. क्रम लक्षात घ्या: आधी मळे पेटले, मग ठराव झाला. नेपोलियनने १८०१ च्या अखेरीस मोठी फौज पाठवली, १८०२ मध्ये गुलामांचा सेनानी तूसां लूव्हेर्त्यूर याला दगा देऊन पकडले आणि फ्रान्सच्या थंड किल्ल्यात मरू दिले. त्याच सुमारास ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटावर गुलामगिरी परत आणल्याची बातमी पोचली. त्यानंतर माघार शक्यच नव्हती. १ जानेवारी १८०४ ला बंडखोरांचा सेनापती देसालीन याने स्वातंत्र्य जाहीर केले. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. ती रक्कम नंतर कमी झाली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांनी हैतीला पिढ्यान् पिढ्या पोखरले. हैती गरीब का, असे विचारणाऱ्याला मी आधी हा हिशेब दाखवतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, गोऱ्यांनी कायदा करून सोडवले का? ब्रिटिश साम्राज्यापुरते उत्तर द्यायचे तर पुन्हा जमैकात जावे लागते. १८१६ मध्ये बार्बाडोस, १८२३ मध्ये आजच्या गयानातले डेमरारा, आणि १८३१ मध्ये जमैका असे तीन मोठे उठाव झाले. तिन्हींच्या मागे एकच बोलवा होती: राजाने आपल्याला मोकळे केले आहे आणि इथले मालक ते दडवून ठेवत आहेत. बातमी खरी नव्हती, पण बिनबुडाचीही नव्हती. लंडनमध्ये वाद चालू होते, मालक जेवणाच्या टेबलावर त्यावर चिडून बोलत आणि वाढणारी माणसे ऐकत असत.

सॅम शार्प माँटेगो बे गावातला गुलाम, बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा सेवक. त्याला वाचता येत होते, वर्तमानपत्रे तो वाचत असे. प्रार्थनासभा संपल्यावर निवडक लोकांना थांबवून त्याने बायबलवर हात ठेवून शपथा घेतल्या: नाताळची सुट्टी संपली की मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जायचे नाही. ही संपाची योजना होती. वेळही नेमकी. जमैकात नाताळानंतर ऊसतोड सुरू होते. ऊस तोडला की घाण्यावर लगेच जायला हवा, नाहीतर रस आणि साखर दोन्ही हातचे जातात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऊसवाल्याला हे सांगावे लागत नाही. गाळप हंगामाच्या तोंडावर कोयते खाली ठेवले तर मालक किती दिवस टिकतील? पण २७ डिसेंबर १८३१ च्या संध्याकाळी केन्सिंग्टन मळ्यावरच्या चिपाडाच्या कोठाराला आग लागली. डोंगरावरची ती आग दूरवर दिसली, मग दुसऱ्या मळ्यावर, मग तिसऱ्या. संपाचे बंड झाले. साठ हजारांपर्यंत लोक त्यात उतरले असावेत. गोरे मारले गेले चौदा. लढाईत दोनशेहून अधिक गुलाम मेले, आणि नंतर खटल्यांचा देखावा करून तीनशेहून अधिक जणांना मारले.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. हजारो माणसांच्या हाती कोयते होते, पिढ्यान् पिढ्यांचा राग होता, आणि तरी त्यांनी जाळली ती कोठारे, घाणे, बंगले. डेमरारातही दहा हजारांहून अधिक लोक उठले होते आणि गोरे मेले दोन-तीनच. पकडलेल्या गोऱ्यांपैकी बहुतेकांना नुसते लाकडी खोड्यात अडकवून ठेवले होते. आम्ही माणसे आहोत आणि कामाचा मोबदला मागतो आहोत, हे बंडखोर वागण्यातूनच सांगत होते. सॅम शार्पला २३ मे १८३२ ला माँटेगो बेच्या चौकात फाशी दिले. तुरुंगात भेटायला आलेल्या मेथडिस्ट पाद्र्याला तो म्हणाला होता, की गुलामीत जगण्यापेक्षा मी त्या फासावर मरणे पसंत करीन. आज तो चौक त्याच्याच नावाने ओळखला जातो.

याच वर्षी ब्रिटिश संसदेने चौकशी समित्या नेमल्या. जमैकातून हाकलल्यासारखे परतलेले पाद्री तिथे साक्ष द्यायला उभे राहिले. गुलामगिरी कायद्याने संपवली नाही तर ती खालूनच, आणखी मोठ्या आगीत संपेल, ही भीती तेव्हा उघड बोलली जात होती. इंग्लंडमधल्या चळवळीचे मोल मला कमी करायचे नाही. १८३३ मध्ये संसदेकडे पाच हजारांहून अधिक अर्ज आले आणि एकट्या महिलांच्या एका अर्जावर १ लाख ८७ हजार सह्या होत्या. पण ती चळवळ कित्येक वर्षे "हळूहळू" म्हणत होती. सॅम शार्पच्या फाशीनंतर सव्वा वर्षात कायदा झाला. त्या कायद्याने २ कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना काही नाही, उलट उमेदवारीच्या नावाखाली त्याच मालकाकडे आणखी काही वर्षे बिनपगारी काम. १ ऑगस्ट १८३४ ला त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये लोक गव्हर्नरच्या कचेरीसमोर जमले आणि "सहा वर्षे नकोत" असे ओरडू लागले. सेंट किट्समध्ये लोकांनी कामावर जायचेच नाकारले. ती उमेदवारी १८३८ मध्येच गुंडाळावी लागली.

अमेरिकेचेही तेच. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. मराठी माणसाला हा विषय पहिल्यांदा भेटतो तो बहुधा इथेच. फुल्यांना आपल्या वरच्या वर्गाच्या मनाला हात घालायचा होता, त्यासाठी ते अर्पण नेमके होते. त्याच्या जोडीला आपण आज एवढे वाचू शकतो: मे १८६१ मध्ये, उत्तर आणि दक्षिण यांच्यातले यादवी युद्ध सुरू होऊन महिना-सव्वा महिना झाला असताना, व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री नावेतून निघाले आणि फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यात पोचले. सेनापती बटलरने त्यांना परत द्यायला नकार दिला. बातमी पसरली आणि लोक आधी डझनांनी, मग हजारांनी, बायका-मुलांसह फौजेकडे चालत आले. लिंकनची घोषणा निघाली १ जानेवारी १८६३ ला, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळाने. त्यानंतर सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले आणि त्यांतले बहुतेक पूर्वी गुलाम होते.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. डेमरारातला १८२३ चा उठाव जिथे पेटला त्या ‘सक्सेस’ मळ्याचा मालक जॉन ग्लॅडस्टन, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप. मुक्त झालेले लोक मळ्यावर थांबणार नाहीत हे ओळखून त्याने १८३६ मध्ये कलकत्त्याच्या एका कंपनीला पत्र लिहून हिंदुस्थानी मजूर मागवले आणि १८३८ मध्ये पहिली दोन जहाजे गयानाला पोचली. मॉरिशसमध्ये हे त्याआधीच, १८३४ मध्ये, सुरू झाले होते. तिथल्या मराठी समाजाचे पूर्वज रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातून मुंबई बंदरातून करारावर गेले, ते गुलामांनी सोडलेल्या याच उसात. करार पाच वर्षांचा, पण परवाना जवळ नसला की भटक्या म्हणून पकडून तुरुंगात टाकत. १८६७ च्या कायद्याने तर हा जाच कळसाला गेला. १८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक हिंदुस्थानी मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि पुढच्या वर्षी लंडनहून चौकशी आयोग आला.